एकमत

माझी आई आणि माझी आत्या यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. खिडकी उघडी ठेवायची की बंद, टॉवेल आडवा वाळत घालायचा की उभा, मी लहानपणी कोणासारखी दिसत होते, भाजीत मीठ कमी आहे की जास्त, कशावरही नाही. आई म्हणायची, “वन्सं, तुम्ही म्हणाल तसं,” आणि स्वतःला हवं तेच करायची. आत्या म्हणायची, “वहिनी, घर तुमचं, मी काय बोलणार,” आणि पुढे अर्धा तास बोलत राहायची. दोघी एकमेकींना अहो-जाहो करतात. त्या ‘तुम्ही’त इतका मान भरलेला असतो की ऐकणाऱ्याला घाम फुटावा.

बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते. मधला माणूस गेला, आता या दोघी चार दिवसांत वेगळ्या होणार, असं लोकांना वाटलं होतं. लोकांचं काय जातं वाटायला! दोघी एकाच घरात राहिल्या, एकाच छत्रीतून कामाला गेल्या, आणि छत्री कोणी धरायची यावरून रस्ताभर भांडल्या.

कामही एकच. आमच्या प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर एक लांबट खोली आहे. खिडक्यांना जाड पडदे, दोन टेबलं, दोन मायक्रोस्कोप, दोन खुर्च्या आणि खुर्च्यांवर दोन उशा, एक कडक आणि एक मऊ. कोणती चांगली हे विचारायच्या भानगडीत पडू नका. आकाशातून कणांचा मारा सारखा होत असतो. छपरातून, भिंतीतून, आपल्या डोक्यातून ते आरपार जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. ते पकडण्यासाठी आम्ही मोठ्या फुग्याला बांधून काचेच्या प्लेटा उंच हवेत पाठवतो. प्लेटांवर फोटोच्या फिल्मवर असतो तसा, पण जाड थर असतो. कण त्यातून गेला की मागे बारीक काळ्या ठिपक्यांची रेघ राहते. एखादा कण थरातल्या अणूच्या गाभ्यावर आदळला तर गाभ्याच्या ठिकऱ्या चहूकडे उडतात आणि मायक्रोस्कोपखाली तिथे तारा दिसतो. क्वचित एखादी ठिकरी थोडी पुढे जाऊन स्वतःच फुटते, आणि पहिल्या ताऱ्याच्या शेजारी दुसरा तारा उमटतो. त्याला आमच्याकडे जोडतारा म्हणतात. आमचा सगळा प्रयोग या जोडताऱ्यांसाठी चाललेला. दुसऱ्या ताऱ्याच्या रेघा कधीकधी इतक्या विरळ असतात की डोळ्याची पापणी लवली की निसटल्याच.

म्हणून एक नियम आहे. प्रत्येक प्लेट दोघींनी तपासायची, वेगवेगळी, आणि तिच्याविषयी एकमेकींशी अवाक्षर बोलायचं नाही. समजा, खोलीत बटणांचा डबा सांडला. मी येऊन मला दिसली ती बटणं मोजली, जागच्या जागी ठेवली आणि गेले. मग तुम्ही आलात आणि तुम्हाला दिसली ती मोजलीत. मला दिसलेली बहुतेक बटणं तुम्हालाही दिसली असतील, तर कपाटाखाली फारशी उरलेली नाहीत. निम्मीच दिसली असतील, तर आपल्या दोघांनाही न दिसलेली बरीच आहेत. न दिसलेल्याचा अंदाज असा बांधता येतो. पण मी जाता जाता तुमच्या कानात “दाराजवळ एक आहे हं” असं पुटपुटले, की हिशेब मेला. नंतरही बोलायची सोय नाही, कारण प्लेट पुन्हा केव्हाही तपासायला काढली जाते.

हा हिशेब करणं माझं काम. मी शिकून त्याच प्रयोगशाळेत लागले. दोघींचे तक्ते माझ्याकडे येतात, मी ते शेजारी ठेवते आणि कोणाच्या नजरेतून किती निसटलं ते काढते. आत्या मला एकदा म्हणाली होती, “ठमे, बघणं सोपं असतं गं. गप्प बसणं अवघड. जगात कोणी पाहिलं नाही असं काहीतरी आपल्याला दिसतं, शेजारी हातभर अंतरावर वहिनी बसलेल्या असतात, आणि त्यांना सांगायचं नाही.” मला वाटतं म्हणूनच त्या मिठावरून भांडायच्या. सांगण्यासारखं होतं ते सांगायची बंदी होती, मग काहीतरी बोलायला हवंच की.

गेल्या वर्षी कळलं की प्लेटा आपोआप वाचणारं यंत्र येणार. दोघांचा नियम तसाच राहणार, फक्त एका बाजूला यंत्र आणि दुसऱ्या बाजूला एक माणूस. म्हणजे दोन खुर्च्यांपैकी एकच उरणार, आणि ती जिची नजर चांगली तिला मिळणार. हे आम्हाला आमच्या गटाच्या प्रमुखांनी सांगितलं. त्यांना सगळे मागून दशांशसाहेब म्हणतात, कारण कोणताही आकडा सांगितला की ते विचारतात, “आणि त्याच्या पुढे?” माणूस वाईट नाही. सांगताना त्यांनी चष्मा तीनदा पुसला.

आईने ते ऐकून खांदे उडवले. आत्याने काहीच केलं नाही. घरी आल्यावर तिने माझ्या शर्टाचं बटण लावायला घेतलं. आत्याने लग्न केलं नाही, मित्रमैत्रिणींचा गोतावळा जमवला नाही, कुठे फिरायला म्हणून गेली नाही. ती खुर्ची गेली तर तिच्याकडे काय उरणार होतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं आणि फार भीती वाटली. त्या भीतीत मी एक गोष्ट पाहूनही सोडून दिली. पांढऱ्या शर्टाचं बटण तिने पिवळ्या दोऱ्याने लावलं होतं. मी म्हटलं, “वा आत्या, नवी फॅशन!” ती हसली. आई मात्र शर्टाकडे बघत राहिली.

त्यानंतर आकडे सुधारू लागले. म्हणजे कसे? तर महिन्यागणिक. आईला दिसलेलं सगळं आत्याला दिसत होतं. आईच्या नजरेतून मात्र एखाददुसरा तारा निसटायचा, तो आत्याने टिपलेला असायचा. मी आईला चिडवलं, “बघ, तुझी नणंद तुझ्या पुढे गेली.” आई म्हणाली, “जाऊ देत. एरवी घरात तरी कुठे मला पुढे जाऊ देतात?” पुढे पुढे तर तेही निसटेनासं झालं आणि दोघींचे तक्ते हुबेहूब जुळू लागले. मी खूश. आत्याला शंभरपैकी शंभर! मी केक आणला. दोघींचं त्यावरही एकमत झालं नाही, एकीला तो फार गोड लागला आणि एकीला अगोड.

प्रयोगावरचा लेख छापायला पाठवायची वेळ आली तेव्हा मी तो आकडा दशांशसाहेबांसमोर ठेवला. त्यांनी सवयीने विचारलं, “आणि त्याच्या पुढे?”

“पुढे काही नाही. पुरे शंभर.”

ते कागदाकडे बघत बसले. “माणसाचं शंभर येत नाही हो,” ते म्हणाले. “मी आणि माझी बायको एकाच सोफ्यावर बसून एकच सिनेमा बघतो, तरी दोन वेगवेगळे सिनेमे बघून उठतो. आणि या दोघींचं वय वाढतंय, कमी होत नाहीये. पाठवण्याआधी एकदा बघा.”

मला राग आला. माझ्या आत्याचं कौतुक यांना बघवत नाही, असं मनात म्हणत मी डबा खायला गेले. दोघी नेहमीच्या टेबलाशी समोरासमोर बसल्या होत्या आणि नेहमीप्रमाणे जुंपली होती.

“वन्सं, उद्या ती प्लेट तुमच्याकडे येतेय.”

“येऊ दे की.”

“डावीकडे वरच्या कोपऱ्यात एक ओरखडा आहे. त्याच्या खाली तुम्ही नेहमीसारखी घाई करणार.”

“मी? घाई? वहिनी, तुम्ही प्लेटांच्या खोलीत पहिल्यांदा आलात तेव्हा दिवा न लावता मायक्रोस्कोपमध्ये बघत होतात आणि म्हणत होतात, काहीच दिसत नाही.”

“म्हणूनच म्हणते. आणि मधल्या रेषेच्या उजवीकडेही जरा ठाण मांडून बसा. नाहीतर ठमीसमोर माझी मान खाली जायची.”

“बघून घेईन मी,” आत्या फणकारली.

माझा घास हातातच राहिला. हे असलं भांडण मी कितीतरी महिने ऐकत होते. ऐकत होते म्हणजे काय, कानाआड करत होते, घरातल्या पंख्याची घरघर करतो तसं. ओरखड्याखाली, मधल्या रेषेच्या उजवीकडे. आई टोमणे मारत नव्हती, पत्ता सांगत होती. आणि गेले कित्येक महिने ती प्रत्येक प्लेट “मला आधी दे” म्हणून का मागून घेत होती, तेही तेव्हाच माझ्या डोक्यात शिरलं. ज्या दोघींचं मिठावर पटत नाही त्यांचं ताऱ्यांवर शंभर टक्के पटतं, आणि ते मला, त्यांच्या घरात वाढलेल्या मुलीला, विचित्र वाटलं नव्हतं! हुशारी म्हणतात ती हीच.

पुढची प्लेट मी आधी आत्याकडे दिली. आईने हात पुढे केला होता, मी तो न बघितल्यासारखं केलं. आत्याच्या टेबलाशी उभी राहिले तेव्हा दिसलं की तिच्या मायक्रोस्कोपच्या दिव्याची कळ पार शेवटपर्यंत फिरवलेली आहे. इतका उजेड की चांगल्या डोळ्यांना टोचावा. तिचा तक्ता आला. ठळक, जाड रेघांचे तारे सगळे होते. बारीक रेघांचा एकही नव्हता. मागून आईचा आला, त्यात ते ओळीने होते. मी वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

संध्याकाळी घरी आई भाजी चिरत होती आणि आत्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

“तुम्ही दोघी प्लेटांबद्दल बोलता.”

“आम्ही?” आई म्हणाली. “आम्ही भांडतो. विचार कोणालाही.”

“आई.”

आईची सुरी थांबली. “मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. यांनीही नाही. मी म्हणायचे तिकडे बघा, या बघायच्या, आणि दिसायचं तेच लिहायच्या. वेळ लागायचा, पण दिसायचं. काय चुकलं त्यात?”

“जे तुम्हाला दोघींनाही दिसलं नाही, त्याचा अंदाज मी आता कसा काढू? माझा आकडा म्हणतो, काहीच निसटलं नाही. आणि निसटलंय. जोडतारे आम्ही कमी मोजलेत आणि वर छातीठोकपणे सांगणार होतो की सगळे मोजले.”

आईने हे इतक्या वर्षांत शंभरदा ऐकलं होतं. पण आता ते तिच्या चेहऱ्यावर पोचलं. ती मटकन खुर्चीवर बसली. “अगं बाई,” ती हळूच म्हणाली, “मी फक्त यांचाच विचार केला.”

आत्या अजून घड्याच घालत होती. तोच टॉवेल तिने दुसऱ्यांदा उलगडला आणि पुन्हा घडी घातली.

“पहिल्यांदा मला वाटलं, वहिनी नेहमीसारख्या खोड्या काढताहेत,” ती म्हणाली. “बरं वाटायचं मला. माणूस चुका कोणाच्या काढतो? ज्याला जमतं त्याच्याच. मग कळलं. त्यांनी सांगितलेल्या जागी तासभर डोळे लावले की तिथे खरंच असायचं, आणि बाकी सगळीकडे धुकं. कळूनही मी गप्प बसले, ठमे. घरी मी कोणाची तरी बहीण, कोणाची तरी आत्या. त्या खुर्चीत बसले की मी नुसती मी असते. ती सोडवेना मला.”

“मग डोळे दाखवायचे होते!” मी ओरडलेच.

“तुझ्या आजोबांनी दाखवले होते. ऑपरेशन केलं आणि एक डोळा गेला. मी लहान होते, त्यांना हात धरून चालवायचं काम माझ्याकडे होतं.” तिने टॉवेल ठेवला. “मला कोण चालवणार?”

“मी काय मेलेय का?” आई एकदम उसळली. “आणि कीव करून नाही सांगत वन्सं, गैरसमज नको. तुम्ही नसलात तर त्या खोलीत मला बोलणारं कोण आहे? ठमी? ती तर आकड्यांच्या बाहेर येत नाही. खुर्ची एकच राहणार होती. मला घरी सतरा उद्योग आहेत, मी बसले असते घरी. तुम्हाला नाहीत. म्हणून केलं. उद्या आपण डॉक्टरकडे जायचं. त्यांनी चूक केली तर मी आहे आणि ते आहेत.”

मला त्या दोघींना एकदम मिठी मारावीशी वाटत होती, आणि एकेक चापट द्यावीशीही वाटत होती.

सकाळी मी दशांशसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला. “लेख थांबवा,” ते म्हणाले. “त्या सगळ्या प्लेटा पुन्हा तपासायच्या. तुमच्या आत्यांचे डोळे बरे झाल्यावर, दोघींनीही. कोणती आधी कोणाकडे, ते मी ठरवीन. डबे वेगळ्या खोल्यांत. आणि या वेळी हिशेब मी करणार, तुम्ही नाही. खुर्चीचंही त्यावरच ठरेल.” मी दारापर्यंत गेले तेव्हा ते म्हणाले, “माझ्या चुका झाकायला कोणी इतकं भांडलं नाही हो कधी.”

डॉक्टरीण म्हणाली, मोतीबिंदू कधीचा पिकलाय, इतके दिवस काय करत होतात? आईने तिला हात कसे धुता, सुया कुठून येतात, कालपर्यंत असे किती डोळे केले, असं सगळं विचारलं. शेवटी डॉक्टरणीने आईलाच बाहेर बसवलं. पट्टी निघाली तेव्हा आई अगदी समोर उभी होती. आत्याने डोळे उघडले, मिटले, पुन्हा उघडले आणि आईकडे नीट निरखून बघितलं.

“वहिनी, केवढ्या म्हाताऱ्या झालात तुम्ही!”

“तुमच्याकडे बघत बघत झाले,” आई म्हणाली, आणि पदराने आधी आत्याचे डोळे पुसायला गेली. डॉक्टरणीने तिचा हात वरच्या वर धरला, म्हणून मग तिने स्वतःचे पुसले.

दुसरा डोळाही झाला, आणि मग ते महिने सुरू झाले. दोघी एका छत्रीतून कामाला जायच्या, शेजारी बसायच्या, वेगळ्या खोल्यांत डबा खायच्या आणि घरी येऊन मिठावरून, टॉवेलवरून, खिडकीवरून अशा भांडायच्या की शेजारच्यांनी एकदा चौकशी केली. प्लेटांबद्दल मात्र चकार शब्द नाही. एका संध्याकाळी आत्याचा चेहरा इतका उजळलेला होता की तिला काहीतरी मोठं दिसलंय हे आंधळ्यालाही कळलं असतं. आईला अर्थातच कळलं. तिने पाठ फिरवली आणि भांडी घासत राहिली, तिला विचारावं लागू नये म्हणून. इतकं प्रेम मी फार कमी वेळा पाहिलंय.

निकाल आला. दोघींच्याही नजरेतून निसटलं होतं, माणसांच्या निसटतं तसंच. जोडतारे आधीपेक्षा जास्त भरले, आणि न दिसलेल्यांचा अंदाजही आता खरा होता. त्या दोन तक्त्यांमधला फरक बघून मला केकच्या दिवसापेक्षा जास्त आनंद झाला. पुढच्या ओळीवर मात्र माझी नजर अडकली. आत्या आईच्या पुढे होती. थोडीशीच, दशांश चिन्हापुढे. साहेबांनी आकडा दोनदा वाचला आणि आईकडे न बघता म्हणाले, “खुर्ची त्यांची.”

आत्या उठून उभी राहिली. “मला नको.”

“वन्सं, खाली बसा,” आई म्हणाली. “मी दिलेली तुम्ही घेत होतात. ही तर तुमची तुम्ही मिळवलीत, आणि ती नको? काहीतरीच तुमचं.” तिने आपल्या खुर्चीवरची मऊ उशी काढून आत्याच्या खुर्चीवर ठेवली. “ही घ्या. त्या तुमच्या दगडावर बसून बसून पाठ गेलीय.”

आत्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं की मऊ उशीनेच पाठ जाते. पण उशी काढली नाही.

आई घरी राहायला लागली. सतरा उद्योग होते म्हणाली होती, त्यातले दोनही मला सापडले नाहीत. ती खिडकी उघडायची, मग बंद करायची. टॉवेल आडवा घालायची आणि थोड्या वेळाने उभा करायची. भांडायला कोणी नसताना ती दोन्ही बाजू एकटीच लढवत होती. मला ते बघवत नव्हतं. यंत्र आलं, बसवलं गेलं, आणि आत्या एकटी छत्री घेऊन जाऊ लागली.

यंत्राच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मी जरा लवकर घरी आले होते. आई भाजी ढवळत होती. आत्या आली, पण रोजच्यासारखी आत जाऊन हातपाय धुवायला गेली नाही. ओली छत्री हातात तशीच, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“मीठ बघा जरा,” आईने चमचा पुढे केला.

आत्याने चव घेतली. “बरोबर आहे,” ती म्हणाली.

आईने चमचा खाली ठेवला आणि तिच्याकडे बघितलं. आत्याच्या चेहऱ्यावर तोच उजेड होता, त्या दिवशी आईने जो बघायचं टाळलं होतं.

“वहिनी,” आत्या म्हणाली, “आज एक जोडतारा दिसला.”

“आत्या!” मी सवयीने ओरडले. “प्लेटेबद्दल बोलायचं ना...” आणि माझे शब्द तोंडातच राहिले. नियम प्लेट तपासणाऱ्या दोघांसाठी होता. आता त्या दोघांतलं एक यंत्र होतं. आईशी बोलायला कोणाचीच बंदी नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नव्हती.

आईने गॅस बारीक केला. हात पुसले. एक खुर्ची आत्यासाठी ओढली, एक स्वतःसाठी, आणि दोन्ही अगदी जवळ घेतल्या.

“कुठल्या कोपऱ्यात?” तिने विचारलं.